मासा ओव्हनमध्ये, घरची बाई पंगतीत

आपल्या घरांत मासे शिजण्याचा दिवस हा एक छोटा सणच असतो. कोकणातून मुंबईत आलेल्या कुटुंबांत मासळीचे वार ठरलेले असतात. विदर्भातल्या घरांत तळ्यातला रोहू, कटला किंवा मरळ येतो. इंदापूर-करमाळ्याकडे उजनी धरणातली चिलापी येते. मासा कोणताही असो, त्या दिवसाचे चित्र मात्र बहुतेक घरांत सारखेच दिसते. सगळे ताटावर बसलेले आणि घरची बाई तव्यापाशी उभी! गरम तुकडा निघाला की तो आधी कर्त्या पुरुषाच्या ताटात, मग पाहुण्याच्या, मग मुलांच्या, मग मुलींच्या. शेवटी शेपटीचा तुकडा, डोके आणि कालवणाचा तळ घेऊन ती जेवायला बसते, तेव्हा बाकीचे हात धुऊन उठलेले असतात.

लिंबू लावून ओव्हनमध्ये भाजलेल्या माशाची कृती आज द्यायची आहे, आणि ती देण्याचे कारण हेच चित्र आहे. तव्यावर एका वेळी दोन, फार तर तीन बांगडे मावतात. एका बाजूला ५ मिनिटे धरली तरी एका घाण्याला १० मिनिटे लागतात. पाच माणसांचे पाच बांगडे म्हणजे दोन-तीन घाणे, अर्धा तास. हा अर्धा तास ती बाई चुलीपासून हलू शकत नाही. ओव्हनच्या ट्रेवर पाचही बांगडे एकदम भाजले जातात, एकदम बाहेर येतात आणि ट्रे मधोमध ठेवून सगळ्यांना एकाच वेळी बसता येते. कोणाच्या ताटात काय पडले हेही सगळ्यांना दिसते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या दलित वर्ग महिला परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, असेही त्यांनी बजावले होते. हे विचार जयंतीच्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन जेवायला बसतो. वाढायला कोण उभे असते हे वेगळे सांगायला नको.

हा प्रश्न केवळ मानाचा नाही, रक्ताचाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. माशात लोह फार असते असे नाही. पण ताटात मासा असला की त्याच जेवणातल्या डाळीचे आणि पालेभाजीचे लोह अंगी अधिक लागते, आणि लिंबाच्या आंबटानेही तेच होते. शिवाय प्रथिने आणि ब-१२ जीवनसत्त्व माशातून मिळते. नुसते कालवण आणि भात खाऊन उठणाऱ्या बाईच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. वयात येणाऱ्या मुलीला मधला तुकडा मिळालाच पाहिजे.

आता माशाकडे वळू. या प्रकाराला बांगडा सर्वांत चांगला. तो अंगचा तेलकट असल्यामुळे ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत सुकत नाही, आणि लिंबाचा आंबटपणा त्या तेलकटपणाला मानवतो. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला खरा, पण आपल्या ताटात तो क्वचितच येतो. आणला तर तो अख्खाच भाजावा, तुकडे करून त्याची माती करू नये. ओला बोंबील मात्र ओव्हनच्या वाटेला नेऊ नये. त्याला इतके पाणी सुटते की ट्रेमध्ये लापशी होते. त्याची जागा तवाच. रोहू-कटल्याचे इंचभर जाडीचे तुकडे उत्तम भाजले जातात. फक्त लहान मुलांना देताना काटे नीट पाहावेत.

नोकरी करणाऱ्या माणसांना मासळी संध्याकाळी, कामावरून येताना मिळते. त्या वेळी टोपलीत उरलेला वाटा मावशी स्वस्तात देतात. तो घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी पाहिल्याशिवाय घेऊ नये. कल्ले उघडले की आत लाल दिसले पाहिजे, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, पोट दाबल्यावर बोटाचा खड्डा राहता कामा नये. बांगड्याच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. बर्फाविना उन्हात राहिलेल्या बांगड्यात असे द्रव्य तयार होते की ते भाजून किंवा उकळूनही जात नाही. अंगावर लाल पुरळ उठते, डोके दुखते आणि मग बिचाऱ्या मसाल्याला दोष दिला जातो.

पाच जणांसाठी पाच मध्यम बांगडे, चार कागदी लिंबे, दोन कांदे, दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, तीन-चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, हळद, मीठ आणि दोन चमचे तेल एवढे साहित्य लागते. मासे अख्खे ठेवून पोट साफ करावे. आतल्या कण्याला लागलेले काळसर रक्त अंगठ्याने चोळून धुवावे, कडवट वास तिथेच असतो. दोन्ही बाजूंना हाडापर्यंत तीन-तीन चिरा द्याव्यात. मीठ, हळद आणि दीड लिंबाचा रस चोळून १५ मिनिटे ठेवावे.

लिंबू वासावर का चालते, हेही समजून घेण्यासारखे आहे. माशाला जो उग्र वास येतो तो अल्कली जातीच्या एका द्रव्याचा असतो. लिंबातले आम्ल त्याला बांधून टाकते, मग ते हवेत उडत नाही आणि नाकाला लागत नाही. आपल्या आयाबाया चिंच, कोकम, कैरी घालत आल्या त्यामागेही हेच आहे, पुस्तक न वाचता त्यांना ते ठाऊक होते. पण आम्ल मांसावरही काम करते. तासभर लिंबात ठेवलेला मासा न शिजताच पांढरा पडतो आणि भाजल्यावर भुसभुशीत लागतो. म्हणून सकाळी लिंबू लावून संध्याकाळी भाजणे नको. सकाळी हवे तर हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवावे, लिंबू मागाहून.

आले, लसूण, मिरची, कोथिंबीर जाडसर वाटून त्यात चमचाभर तेल घालावे. घरचा मालवणी किंवा कांदा-लसूण मसाला असेल तर तोही अर्धा चमचा घालावा. माशाला सुटलेले पाणी निथळून टाकून हे वाटण चिरांत आणि पोटात भरावे. ट्रेला उरलेले तेल लावून त्यावर कांद्याच्या चकत्या पसराव्यात, त्यावर मासे मांडावेत. कांद्यामुळे मासा तळाला चिकटत नाही, आणि माशाचा रस प्यायलेला तो कांदा भाकरीबरोबर इतका छान लागतो की भांडण होते. एका लिंबाच्या पातळ चकत्या, बिया काढून, पोटात आणि वर ठेवाव्यात. चकत्या जाड झाल्या तर सालीखालचा पांढरा भाग कडू उतरतो. आंबट आणि मीठ लागलेला मासा थेट ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नये, आंबटाने तो कागद झिजतो. गुंडाळायचाच असेल तर केळीचे पान विस्तवावर शेकून मऊ करून घ्यावे.

ओव्हन २०० अंशांवर १० मिनिटे आधी तापवावा. मध्यम बांगड्याला १८ ते २० मिनिटे पुरतात, अर्ध्या किलोच्या पापलेटला २५ मिनिटे, रोहूच्या तुकड्यांना १५ ते १८. शेवटची ३-४ मिनिटे फक्त वरची कॉईल चालू ठेवावी म्हणजे वरून खरपूस रंग येतो. सर्वांत जाड जागी चमच्याचे टोक घालून पाहावे. कण्याजवळचे मांस काचेसारखे दिसत असेल तर कच्चे आहे, पांढरे होऊन हाडापासून सहज सुटले तर झाले. त्यापुढे एक मिनिटही ठेवू नये. उरलेली दीड लिंबे फोडी करून पानात वाढावीत, गरम माशावर ताजे पिळण्यासाठी.

नागपूरकडच्या भगिनींनी हिवाळ्यात संत्र्याचा रस वापरून पाहावा. मात्र संत्रे गोड असल्यामुळे ते एकटे वास मारत नाही आणि लवकर करपते. तेव्हा आधी लिंबूच लावावे, आणि अर्ध्या संत्र्याचा रस शेवटची ५ मिनिटे उरली की माशावर सोडावा. रोहूला हे फार चांगले लागते. मोसंबीत तेवढा दम नाही.

ओव्हन हे श्रीमंतांचे चोचले, असे काही वाचक म्हणतील. कारकुनी सवयीने हिशेब मांडते. १,५०० वॅटचा ओव्हन अर्धा तास चालला तर जास्तीत जास्त पाऊण युनिट वीज लागते, प्रत्यक्षात कमीच, कारण तापल्यावर तो मधून मधून आपोआप बंद होतो. आपल्या वीज बिलावरचा दर घेऊन गुणाकार करावा. उलट पाच बांगडे तळायला अर्धी वाटी तेल जाते आणि उरलेल्या तेलाला मासळीचा वास राहतो. तेच तेल पुन:पुन्हा तापवणे तब्येतीला बरे नाही. बचत गटातल्या किंवा शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक ओव्हन घेतला तरी चालतो, तो काही रोज लागत नाही. घेताना एवढे पाहावे की नुसता मायक्रोवेव्ह नको, त्यात मासा उकडतो, भाजत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत दोन बोटे वाळू घालून, झाकण ठेवून १५ मिनिटे तापवावी. तिवईवर स्टीलच्या ताटात मासे ठेवावेत आणि घट्ट झाकून मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजावेत. कढई लहान असेल तर दोन बैठका होतात, पण पाशी उभे राहावे लागत नाही. वरून रंग येत नाही, तो हवाच तर शेवटी तव्यावर एक उलटफेर करावा. तत्त्व काही नवे नाही. रायगडात थंडीत भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा मडक्यात भरून, मडके उपडे घालून भोवती जाळ करतात, ती पोपटी म्हणजे ओव्हनच आहे.

मासे खाणे पंचशीलाला धरून आहे का, हा प्रश्न विहारात दरवेळी कुणीतरी विचारतेच. भिक्खूंना मासे-मांस कायमचे वर्ज्य करावे अशी मागणी देवदत्ताने केली होती आणि भगवान बुद्धांनी ती नाकारली, हे विनयपिटकात आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला फरक समजावला आहे, तो मुळातून वाचावा. वर्षावासात अनेक उपासक-उपासिका मासे सोडतात, त्यांचा आदर आहे. त्यातल्या जुलैमध्ये राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, जूनमध्येही असते, कारण माशांचा तो अंडी घालण्याचा काळ. दोन्ही गोष्टी जुळतात हे बरेच आहे.

ओव्हनमध्ये वास कमी पसरतो, म्हणून शेजाऱ्यांना कळणार नाही, असा सल्ला एकीने दुसरीला दिलेला मी ऐकला आहे. मुंबई-पुण्यात 'मासे-मटण खाणाऱ्यांना जागा नाही' असे तोंडावर सांगून भाड्याची खोली नाकारतात आणि त्या वाक्याच्या आड जात विचारलेली असते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण वास लपवण्यासाठी ओव्हन घेऊ नका. खिडकी उघडी ठेवा. आपण आपल्या कष्टाच्या पैशाचे खातो.

मासा काढल्यावर ५ मिनिटे तसाच ठेवावा, तेवढ्यात पाने मांडून होतात. मग ज्याने शिजवले त्यानेही बसायचे, भाकरी आधीच करून टोपलीत ठेवायच्या, पाणी ज्याचे त्याने घ्यायचे. डोकी कुणाला नको असतील तर टाकू नयेत. आले-लसणीबरोबर पाण्यात उकळून गाळली की दुसऱ्या दिवशीच्या कालवणाला रस होतो. ट्रेवर करपलेला कांदा चिकटला असेल तर ट्रे रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा, तारेच्या घासणीने खरवडू नये. सकाळी पिळलेल्या लिंबाच्या साली आणि मीठ घेऊन घासला की वासही जातो. हे काम आजवर ज्यांनी एकही घाणा तळलेला नाही त्यांच्याकडे द्यावे.