घरच्या शिकेकाईचें न्हाणें

शेतकऱ्याच्या घरांत बाजारांतून काय काय येतें, याची यादी एकदां कागदावर लिहून पाहण्याजोगी असते. मीठ, कापड, चहा, साखर यांविषयीं वाद नाहीं. परंतु त्या यादींत केस धुण्याच्या द्रवाच्या रंगीत पुड्यांची माळ आढळली म्हणजे क्षणभर थांबावेंसें वाटतें. कारण जिचा कच्चा माल आपल्याच बांधावर काटे उगारून उभा होता, ती वस्तु आपण रुपया-रुपयानें विकत घेऊं लागलों आहों. हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. दोष प्रथम आमचा आहे, व तो सांगितल्यावांचून पुढील मजकुरास अर्थ येणार नाहीं.

आमच्या मळ्याच्या ओढ्याकडील बाजूस शिकेकाईचें जुनें कुंपण होतें. तें कोणी लावलें हें घरांत कोणास सांगतां येत नसे. त्याच्या आंकड्यासारख्या काट्यांनीं सदरा एकदां धरला कीं सोडवितां सोडवत नसे, त्यामुळें शेळ्या व भटकीं जनावरें त्या अंगास फिरकत नसत. उन्हाळ्याच्या तोंडाशीं घरच्या बायका आंकडीनें शेंगा उतरवीत. पुढें बांध सरळ करण्यास यंत्र आलें, तेव्हां आम्हीं तें कुंपण मुळासकट उपटून टाकलें व तेथें तारा ओढल्या. मातुश्री ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तारेला शेंगा येतील का रे?" आम्ही हंसलों. त्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीस बाजारांतून तयार भुकटी आणिली. तिला ना फेंस होता, ना वास. डोक्यावरचें तेल तसेंच राहिलें आणि मातुश्रींच्या पांढऱ्या केसांत लांकडाच्या भुशासारखे कण दोन दिवस अडकून होते. त्या कांहीं बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें. तेव्हांपासून आम्हीं हा विषय मनावर घेतला.

शिकेकाई ही वर चढणारी काटेरी वेल. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला पूर्वीं अकेशिया कॉन्सिना म्हणत. आतां सेनेगालिया रुगाटा म्हणतात. रिठा हें मात्र मोठें झाड. आपल्याकडील रिठ्याचीं फळें दोन-दोन, तीन-तीन जुळलेलीं असतात. हिमालयाच्या पायथ्याकडील रिठा निराळ्या जातीचा व सुट्या गोल फळांचा. रिठ्याच्या शास्त्रीय नांवांतील सॅपिंडस हा शब्द लॅटिनमधील साबण व हिंद या दोन शब्दांच्या जोडानें झाला आहे. उलट शांपू हा शब्द आपल्याच देशांतील चांपणें या क्रियेपासून इंग्रजींत गेला. मूळचे पाटण्याचे शेख दीन महंमद यांनीं इंग्लंडांत ब्रायटन येथें अंग चांपून देण्याचें स्नानगृह चालविलें व १८२२ सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तकही प्रसिद्ध केलें. शब्द गेला तेव्हां त्याचा अर्थ अंग रगडणें हा होता. परत आला तो बाटलींत बसून आला.

शिकेकाईच्या शेंगेंत व रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांच्या कणाचें एक अंग पाण्याकडे ओढतें, दुसरें तेलाकडे. म्हणून तीं तेल-मळास धरून पाण्याबरोबर बाहेर काढतात. साबणही हेंच काम करितो, पण दोघांत एक भेद आहे व तो विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसास चटकन पटेल. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, त्या जड पाण्यांतील चुन्याशीं साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो व तो केसांवर बसतो. शिकेकाईचा तसा साका होत नाहीं. शिवाय साबण खारट गुणाचा, तर शिकेकाईचें पाणी किंचित् आंबट. केसांवरील सूक्ष्म खवले आंबट पाण्यानें मिटून बसतात व केस गुंतत नाहींत.

आतां कृतीकडे वळूं. शेंगा वेलीवरच तांबूस-तपकिरी होऊन वाळूं लागल्यावर उतराव्या. हिरव्या शेंगांची घाई केली तर त्या सुकतांना बुरसतात. कडक उन्हांत चार-सहा दिवस वाळवून हातांत मोडून पाहाव्या. कट्कन मोडली तर शेंग तयार झाली असें समजावें. भोंकें पडलेल्या शेंगा निवडून काढाव्या, त्यांत किडे असतात व ते सर्व सांठ्यांत पसरतात. रिठे फोडून काळी कठीण बी काढून टाकावी. फेंस सालींतच असतो, आणि बीसकट कुटूं गेल्यास खलबत्त्याची व मनगटाची परीक्षा होते.

आमच्या घरीं ठरलेलें प्रमाण असें आहे: शिकेकाई १ किलो, बी काढलेला रिठा २५० ग्रॅम, वाळवलेला आवळा २५० ग्रॅम, मेथी १०० ग्रॅम व नागरमोथा ५० ग्रॅम. मेथीच्या बुळबुळीतपणानें केस मऊ राहतात. नागरमोथा वासासाठीं. लव्हाळ्याच्या गांठीही त्याच कुळांतल्या व सुवासिक. ज्या तणानें आपणां सर्वांस रडविलें, त्याचा असा कांहीं उपयोग होतो हें पाहून आम्हांस एक प्रकारचें समाधान झालें. तण मात्र त्यामुळें कमी झालें नाहीं. ज्यांचे केस मुळांत कोरडे, त्यांनीं रिठा निम्मा करावा. केवळ फेंसाच्या मोहानें रिठा वाढविणाऱ्यांचे केस पुढें केरसुणीसारखे होतात.

हें सर्व पुन्हां एक दिवस उन्हांत तापवून खलबत्त्यांत कुटावें व पातळ कापडांतून चाळावें. येथें आमची एक फजिती सांगणें भाग आहे. कुटण्याचा कंटाळा करून आम्हीं पहिल्या वर्षीं माल गांवच्या पिठाच्या गिरणींत नेला. गिरणीवाल्यानें आढेवेढे घेतले, पण भिडेस्तव दळून दिला. पहिल्या मिनिटांत तो शिंकूं लागला, दुसऱ्यांत आम्ही, व तिसऱ्यांत दळणाच्या रांगेतील सर्व मंडळी अंगणांत. तें तर झालेंच. परंतु आमच्या मागून ज्यांनीं ज्वारी दळली त्यांच्या घरीं त्या रात्रीं भाकरी कडू झाली. दुसऱ्या दिवशीं आम्हांस तीन घरीं ज्वारी भरून द्यावी लागली. तेव्हां कुटण्याचें काम घरींच, नाकातोंडास ओलसर फडकें बांधून, वारा नसलेल्या जागीं करावें. भुकटी कोरड्या बरणींत घट्ट झांकणाखालीं ठेवावी व तींत ओला हात किंवा ओला चमचा कधींही घालूं नये.

भुकटीपेक्षां काढा आम्हांस अधिक पसंत आहे, कारण त्यांत कण राहात नाहींत. सहा-सात शेंगा, तीन-चार रिठ्यांची साल व मूठभर आवळकाठी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावी. सकाळीं मंद विस्तवावर पाणी सुमारें एक तृतीयांश आटेपर्यंत उकळावें. ऊतूं जातें, म्हणून भांडें मोठें घ्यावें. कोमट झाल्यावर हातानें कुसकरून दुहेरी फडक्यांतून गाळावें. भांडें मातीचें किंवा स्टीलचें असावें. लोखंडी कढईंत आवळ्याचा काढा शाईसारखा काळा होतो; केसांस त्याची कांहीं हरकत नाहीं, पण पंचा व न्हाणीची फरशी डागळते. कल्हई नसलेलें पितळेचें भांडें आंबट पदार्थास मुळींच वापरूं नये.

हा काढा टिकत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. विकतच्या बाटलींत नासूं नये म्हणून द्रव्यें घातलेलीं असतात, आपल्या काढ्यांत तीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्याला आंबूस वास येऊं लागतो व वर तार दिसते. एक न्हाणें होईल एवढाच करावा. उरल्यास एक दिवस थंड जागीं ठेवावा, त्यापुढें टाकून द्यावा.

न्हातांना केस प्रथम कोमट पाण्यानें चांगले भिजवावे, मग काढा केसांच्या मुळाशीं बोटांनीं चोळावा. विकतच्या द्रवासारखा फेंसाचा डोंगर होणार नाहीं. फेंस नाहीं म्हणजे मळ निघाला नाहीं असें समजूं नये. तेल पुष्कळ असेल तर दोनदां लावावा. नंतर भरपूर पाणी. आठवड्यांतून एक-दोन वेळांपेक्षां अधिक वापर नको. डोळे घट्ट मिटलेले असावे, कारण थेंबभर आंत गेल्यास फार झोंबतें. तसें झाल्यास स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ धुवावें. लहान मुलांस रिठा लावूंच नये. प्रथमच वापरणाऱ्यानें कोपराच्या आंतल्या बाजूस थोडा लावून एक दिवस वाट पाहावी. कोंडा, केस गळणें किंवा टक्कल यांवर हें औषध आहे असें आम्ही म्हणत नाहीं, आणि तसें सांगणाऱ्या जाहिरातींवर वाचकांनीं भिस्त ठेवूं नये.

आणखी एक सूचना शेतकऱ्यासच उपयोगी. रिठ्याच्या पाण्यानें मासे मरतात. त्यामुळें न्हाणीचें हें पाणी शेततळ्यांत, ओढ्याच्या डोहांत किंवा गुरांच्या हौदांत जाऊं देऊं नये.

कित्येक वाचक विचारतील कीं, भुकटी बांधून विकावी काय? घरच्या वापरास कोणाची ना नाहीं. परंतु विक्रीसाठीं सौंदर्यप्रसाधनें तयार करण्यास १९४० चा औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायदा आणि त्याखालील २०२० चे नियम यांप्रमाणें परवाना लागतो. एकट्या-दुकट्यानें त्यांत पडण्यापेक्षां चार घरांनीं मिळून, माहितगाराचा सल्ला घेऊन, मगच पुड्या बांधाव्या. निवडलेल्या, किडीविरहित, वाळवलेल्या शेंगा मात्र नुसत्या शेंगा म्हणून विकतां येतात, व भुसा मिसळलेली भुकटी एकदां पाहिलेलें गिऱ्हाईक अख्खी शेंगच मागतें.

लागवडीविषयीं थोडेंसें. शिकेकाईच्या बीचें कवच कठीण असतें. कढत पाणी ओतून रात्रभर तसेंच ठेविलें म्हणजे बी फुगतें. फुगलेलें तेवढेंच पिशव्यांत लावावें व पावसाळ्याच्या आरंभीं रोपें बांधावर न्यावीं. दरवर्षीं छाटणी करावी, नाहीं तर ही वेल शेजारच्या आंब्यावर चढून त्यास झांकून टाकते. फुलांवर मधमाशा पुष्कळ येतात. रिठ्यास फळ धरण्यास बरींच वर्षें लागतात, म्हणून तें झाड नातवंडांच्या हिशेबानें लावावें.

आम्हीं गेल्या पावसाळ्यांत ओढ्याकडील तारेच्या आंतल्या बाजूनें चाळीस रोपें लाविलीं. त्यांपैकीं अकरा उन्हाळ्यांत गेलीं, दोन शेळीनें खाल्लीं. उरलेलीं गुडघ्याएवढीं झालीं आहेत व तारेस धरून वर चढूं लागलीं आहेत. मातुश्री काठी टेकीत संध्याकाळीं तेथवर जातात, रोपें मोजतात, आणि परत आल्यावर आंकडा सांगतात. काल त्यांच्या मोजणींत सव्वीस आलीं. एक कोठें गेलें तें आज सकाळीं जाऊन पाहावयाचें आहे.