म्होरक्या मरत नाही

किंजी फुकासाकूच्या ‘बॅटल्स विदाऊट ऑनर अँड ह्युमॅनिटी’ या मालिकेचे पाच चित्रपट जानेवारी १९७३ ते जून १९७४ या दीड वर्षात आले. पन्नास वर्षांनंतरही त्यांचं नाव निघतं ते रक्तपातासाठीच. पण जपानी पडद्यावर तलवारी त्याआधीही चालतच होत्या. साठच्या दशकात ही मालिका काढणाऱ्या तोएई कंपनीच्याच याकुझापटांत, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांच्या चित्रपटांत, केन ताकाकुरासारखा नायक सगळा अन्याय गिळून शेवटी दिल्या शब्दासाठी मारायला निघे, आणि त्याचा ओयाबून, म्हणजे टोळीचा बाप, बहुधा देवमाणूस असे. फुकासाकूने तो देवमाणूसच हाकलला. कुरे बंदरातला त्याचा ओयाबून यामामोरी कंजूष, कावेबाज, अंगाशी आलं की पोरांसमोर गळा काढणारा. माणसं मरतात ती त्याच्यासारख्यांच्या हिशेबापायी. चौथ्या भागात त्याला दीड वर्षाची शिक्षा होते. एकेकाळी त्याच्यासाठी खून केलेल्या नायक हिरोनोला सात वर्षांहून अधिक.

यावर आक्षेप आहेतच. हलता कॅमेरा आणि हिरोनो साकारणाऱ्या बुंता सुगावाराचा रुबाब यांनी गुंडगिरी आकर्षकच केली. शिवाय मूळ आधार कोझो मिनो या गुंडाच्याच आठवणी, त्यामुळे त्याच्यावर बेतलेला हिरोनो जरा जास्तच सोवळा उतरलाय. दुसरा मुद्दा मान्य. पहिला मात्र प्रत्यक्ष प्रसंग पाहिले की टिकत नाही. इथे मारणाऱ्याचे हात थरथरतात, नेम चुकतो. हिरोनो प्रायश्चित्त म्हणून करंगळी तोडतो, तर ती उडून अंगणात पडते आणि मंडळी ती कोंबड्यांमध्ये शोधत बसतात. यात रुबाब कुठला? तिसऱ्या भागात, ‘प्रॉक्सी वॉर’मध्ये, कोबेच्या बड्या टोळ्या आपलं वैर हिरोशिमाच्या पोरांकरवी लढतात, हिरोनोच्या भरवशावर सोपवलेला कोवळा कुरामोतो त्यात जातो, आणि त्याच्या अस्थींचीही विटंबना होते. थोरांनी फर्मान काढायचं आणि पोरांनी मरायचं, हे फुकासाकूला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या महायुद्धात, पंधराव्या वर्षी, तो युद्धसामग्रीच्या कारखान्यात राबत होता आणि हल्ल्यानंतर सोबत्यांची प्रेतं गोळा करत होता. मालिका अणुबॉम्बच्या ढगापासून सुरू होते ती उगाच नव्हे.

नंतरच्या याकुझापटांतही हेच दिसतं: ताकेशी कितानोच्या ‘आउटरेज’मध्ये (२०१०) टोळीचा अध्यक्ष मारला जातो, पण त्याच्याच हाताखालच्याकडून, आणि खुर्ची लगेच भरते. विश्वासघाताचं तिथे कुणाला नवलही वाटत नाही. हिरोनोला वाटतं, तरी तोही सोबत्याच्या अंत्यविधीत शिरून गोळ्या झाडतो त्या पूजेच्या मांडणीवर. समोर बसलेल्या यामामोरीवर नाही.