मुसलमान विद्यार्थी व पुढारीपणाचें शिक्षण

सभेंत टाळ्या मिळविल्या म्हणजे पुढारीपण साधलें, अशी समजूत विद्यार्थिवर्गांत पसरलेली दिसते. ती किती पोकळ आहे, हें जामिया मिल्लियाच्या इतिहासावरून कळून येतें. १९२० सालीं असहकाराच्या हाकेस ओ देऊन अलीगढच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं सरकारी मदतीवर चालणारें आपलें कॉलेज सोडलें आणि ही स्वतंत्र संस्था काढली. झाकिर हुसेन हे त्यांपैकींच एक विद्यार्थी. पुढें १९२४ सालीं खिलाफतच संपुष्टांत आली. तिच्या चळवळीबरोबर द्रव्याचा ओघही आटला. १९२५ सालीं संस्था दिल्लीस हलली. दुसऱ्या वर्षीं जर्मनींतून परतलेल्या झाकिर हुसेनांनीं तिचा भार शिरावर घेतला. तेव्हां त्यांचें वय २९ वर्षांचें होतें. अल्प वेतनावर २० वर्षें सेवा करण्याची शपथ त्यांनीं व सहकाऱ्यांनीं घेतली आणि ती पाळली. १९६७ सालीं ते राष्ट्रपति झाले खरे. परंतु पुढारीपण ते शिकले तें जमाखर्चाच्या ओढाताणींत!

आज आमच्या शहरांतील मुसलमान तरुण-तरुणी विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांस केवळ हारतुरे देऊं नका. वाचनालय, वसतिगृह, शिष्यवृत्तीचा निधि यांचा कारभार व हिशेबाची वही त्यांच्या हातीं द्या. चुकलें तर जाब विचारा. सुज्ञ व्यापारी मुलास गादीवर बसविण्यापूर्वीं पेढींत राबवितो. समाजानें तरी याहून निराळें कां करावें?