केसपेपर कोणाचा?

वनहक्काच्या एका दाव्यानिमित्त शहापूर तालुक्यातील शेणव्याला आमचे जाणे झाले. ओळखीच्या एका खासगी दवाखान्यात चहाला बसलो होतो. डॉक्टर व्हिजिटला गेलेले. कंपाउंडरने हळूच विचारले, "वकीलसाहेब, संशोधनवाले येऊन पेशंटचे रजिस्टर मागतात. द्यायचे का?" नर्सबाई लगेच म्हणाल्या, "नावे खोडून द्यायला काय हरकत? उपचार सुधारले तर आपल्याच लोकांना फायदा."

बाईंचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. विदर्भातील बौद्ध वस्त्यांनी आणि राज्यातील आदिवासी पाड्यांनी सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या भोगला. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, सुमारे ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. ज्यांच्या आजाराची नोंदच नाही, त्यांच्यासाठी तरतूद कोण करणार?

पण कंपाउंडरचे उत्तर आम्हाला कायद्याच्या एकाही पुस्तकात सापडले नव्हते. तो म्हणाला, "बाई, पाड्यात तीस घरे. मुलगी, वय एकोणीस, पाड्याचे नाव आणि सिकलसेल. एवढे लिहिल्यावर नाव कशाला पाहिजे? सोयरीक मोडायला तेवढे पुरते."

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आला. त्यात गंमत अशी की, कागदी रजिस्टर जोवर संगणकात चढत नाही तोवर तो त्याला लागूच होत नाही. चढले, तरी संशोधनासाठी कलम १७ मध्ये अटींसह सूट आहे. शेणव्याच्या दवाखान्यात आजही वहीच चालते! अर्थात वही म्हणजे मोकळे रान नव्हे. रुग्णाची गुपिते फोडू नयेत, हे डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनेच बंधनकारक केले आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही नैतिक समितीची मंजुरी मागतात. म्हणून रजिस्टर मागणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: समितीचे पत्र कुठे आहे?

संमती कोण देते, हा खरा मुद्दा. २००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना, ज्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या, एचपीव्ही लस टोचली गेली. अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. तेथे वॉर्डन, येथे कंपाउंडर. आणि समजा, रुग्णालाच विचारले. ज्याच्याकडे पुढच्या आठवड्यात उधारीवर गोळ्या मागायच्या आहेत, त्याला 'नाही' म्हणण्याची हिंमत कोणत्या कातकरी बाईत आहे? अंगठा उमटेल, पण ती संमती म्हणता येणार नाही.

दवाखान्यातील माणसांना आम्ही दोष देत नाही. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या या माणसांना गोपनीयतेचे शिक्षण कोणी दिले? तरी गावाची लाज कशात आहे, हे त्या कंपाउंडरला शहरातल्या संशोधकापेक्षा अधिक कळते. अशा माणसाला नैतिक समितीत खुर्ची का नसावी?

आम्ही त्याला एक पानाचा मराठी मसुदा लिहून दिला आहे. पाड्याचे नाव व नेमके वय द्यायचे नाही. रुग्णाला विचारायचे ते दवाखान्याबाहेरच्या माणसाने. नकार दिला तरी औषध थांबणार नाही, हे आधी सांगायचे. डॉक्टर तो मान्य करतील की नाही, ते पुढच्या फेरीत कळेल. शहापूर-मुरबाडच्या कार्यकर्त्यांकडे असे रजिस्टर मागितल्याचे प्रकार आले असतील, तर आम्हाला जरूर कळवावे.