जखमी पिलाची शुश्रूषा

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या परसांत तांबडी कोंबडी दहा पिलें घेऊन फिरत होती. इतक्यांत एक कावळा झडप घालून गेला व एक पिलूं रक्तानें माखून बाजूस पडलें. आम्हीं सर्वांनीं धांव घेतली. कोणी त्यास मुठींत घट्ट धरलें, कोणी चमच्यानें घशांत पाणी ओतलें, कोणी त्यास लगेच भावंडांत नेऊन सोडलें. घटकाभरांत पिलूं मेलें. जखम तर बोटाच्या पेऱ्याएवढीहि नव्हती. पुढें याविषयीं माहिती मिळविली तेव्हां कळून आलें कीं, कावळ्यानें जें अर्धवट सोडलें होतें तें आमच्या अजाण मायेनें पुरें केलें. आमच्या शालाबंधूंच्या हातून तसें न घडावें, म्हणून हा लेख.

पहिली चूक मुठीची. श्वासोच्छ्वासास चालना देणारा स्नायूंचा पडदा आपल्या छातीखालीं असतो. पक्ष्यांस तसा पडदा नसतो. त्यांचा श्वास उरोस्थि खालींवर हलल्यानें चालतो. मूठ आवळली कीं श्वास कोंडला. म्हणून पिलूं तळहातावर सैलच धरावें आणि छातीवरून कधींहि घट्ट पट्टी बांधूं नये.

दुसरी चूक पाण्याची. श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच उघडतें. घशांत ओतलेलें पाणी सहज फुप्फुसांत जातें. पिलाच्या चोंचीचें केवळ टोंक पाण्यांत बुडवावें. तें आपण होऊन पितें. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलाच्या पोटांत बलकाचा अंश शिल्लक असतो व त्यावर तें एकदोन दिवस तग धरतें. तेव्हां खाऊं घालण्याची घाई नको.

तिसरी चूक भावंडांत सोडण्याची. तांबडें दिसलें कीं टोंचावयाचें, हा कोंबडीच्या जातीचा स्वभावच आहे. जखम दिसतांच सख्खीं भावंडेंहि ती टोंचून वाढवितात. याकरितां जखमी पिलूं खोक्यांत निराळें ठेवावें. एकटें पडून तें फार ओरडूं लागल्यास जाळीपलीकडे एखादें शांत भावंड ठेवावें.

आतां उपचार. सर्वांत आधीं ऊब. लव अंगावर असेपर्यंत पिलास स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. पहिल्या आठवड्यांत त्यास सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढें दर आठवड्यास तीनेक अंश कमी करीत जावें. बाटलींत गरम पाणी भरून, ती फडक्यांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी व निवतांच पाणी बदलावें. दुसरी बाजू गार राहिली म्हणजे पिलूं हवें तेथें सरकतें. हल्लींचे एलईडी दिवे पुरेशी ऊब देत नाहींत, हें ध्यानांत असावें.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकें चारपांच मिनिटें हलकेंच दाबून धरावें. नंतर अर्धा लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत लहान चमचाभर मीठ घालून त्यानें जखम धुवावी. पुष्कळ घरीं हळद दाबतात. परंतु जखम न धुतां हळद दाबल्यास मळ आंतच राहतो. राख, चुना, रॉकेल कदापि लावूं नये. माशी बसल्यास जखमेंत किडे पडतात, म्हणून खोक्यावर पातळ कापड घालावें.

गुळगुळीत जमिनीवर वाढलेल्या पिलांचे पाय कधीं कधीं दोहों बाजूंस फाकतात. अशा वेळीं खालीं गोणपाट अंथरावें व दोन्ही पायांत सुमारें एक इंच अंतर राहील अशी मऊ चिकटपट्टी कांहीं दिवस बांधावी. पायाचें हाड पिसें नसलेल्या भागांत मोडलें असेल तर कापसांत गुंडाळलेली बांबूची बारीक कामटी लावून बांधावी. बोटें मोकळीं ठेवावीं. तीं सुजलीं तर पट्टी सैल करावी. असें हाड दोनतीन आठवड्यांत सांधतें.

परंतु घरगुती उपायांस मर्यादा आहे. मांजराचा दांत लागला असेल, हाड बाहेर आलें असेल किंवा पोट फाटलें असेल, तर गुरांचा दवाखाना गांठावा. मांजराच्या तोंडांतील जंतु पक्ष्यांस घातक असतात व जखम दिसावयास लहानच असते. जखम नसतांना एकाच वेळीं अनेक पिलें लंगडूं लागलीं, तर ती इजा नव्हे. राणीखेतीसारख्या रोगाची शंका घ्यावी. पिलांस हात लावल्यावर प्रत्येक वेळीं साबणानें हात धुवावे, कारण निरोगी दिसणाऱ्या पिलांपासूनहि माणसांस पोटाचे विकार जडतात.

यंदा पुन्हां एका पिलाच्या पाठीवर कावळ्याची चोंच बसली. या वेळीं कोणी ओरडलें नाहीं, कोणी पाणी ओतलें नाहीं. खोकें, गरम बाटली, मिठाचें पाणी आणि थोडी शांतता, एवढेंच आम्हीं दिलें. तिसऱ्या आठवड्यांत तें पिलूं आईमागें उकिरडा उकरूं लागलें. दया तर पहिल्या वर्षींहि आमच्याजवळ होती. उणें होतें तें ज्ञान.