हळदीचे औषधी गुण आणि पाकिटावरील मजकूर

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगली, सातारा भागातील काही शेतकरी गट हळकुंडांची पूड करून स्वतःच्या नावाने विकतात. अशा पाकिटावर ‘मधुमेह व कर्करोगावर गुणकारी’ असे छापावे काय? मुळीच छापू नये.

हळदीचा पिवळा रंग व बरेचसे औषधी गुण कुरकुमीनमुळे येतात. पुडीत ते साधारणतः 3 ते 5 टक्के असते. आपल्याकडे जखमेवर हळद दाबतात, चिनी वैद्यकातही हळद आहे. जखमेवरील वापराचे अमेरिकेने 1995 साली दिलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 1997 साली रद्द करविले. त्यातून वापर जुना असल्याचे सिद्ध झाले. गुण किती येतो, हा प्रश्न वेगळा.

त्यातल्या त्यात बरा पुरावा गुडघेदुखीबाबत आहे. थायलंडमधील 367 रुग्णांच्या चाचणीत (2014) रोज 1500 मिलिग्रॅम हळद-अर्काने 4 आठवड्यांत आयबुप्रोफेनइतकाच आराम पडला. मात्र तो अर्क होता. एक ग्रॅम कुरकुमीनसाठी 4 टक्क्यांची पूड 25 ग्रॅम लागेल; एवढी हळद रोज कोण खाणार? शिवाय कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही व आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. बंगळूर येथील 1998 सालच्या प्रयोगात मिऱ्यातील पिपरिन सोबत दिल्यावर शोषण सुमारे 20 पट वाढले.

म्हणूनच कॅप्सूलमध्ये पिपरिन घालतात, आणि काळजीही तिथेच घ्यावी लागते. इटलीत 2019 साली अशा कॅप्सूल घेणाऱ्या काहींना यकृतदाह झाला. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असणाऱ्यांनी किंवा पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. आमटीतील हळदीची भीती नको.

मधुमेह, कर्करोगावर मात्र हळदीने रोग बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. पाकीट वाचून एखाद्याने साखरेची गोळी बंद केली तर जिवावर बेतेल. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यानेही या रोगांवरील उपायाचा दावा करण्यास मनाई असून त्यात वेष्टनावरील मजकूरही येतो.

त्यापेक्षा वाण, गाव, दळल्याची तारीख आणि प्रयोगशाळेतून तपासलेले कुरकुमीनचे प्रमाण छापावे. पॉलिश करताना रंग वापरू नये. पिवळेपणासाठी वापरले जाणारे लेड क्रोमेट म्हणजे शिसे, आणि ते लहान मुलांच्या मेंदूस घातक आहे. तपासणीचा नमुना पाठविताना संपूर्ण ढिगातून थोडी थोडी पूड घ्यावी, वरचीच उचलू नये.