पाळीतल्या गाठी काय सांगतात?

पाळीत गाठी पडू लागल्या की घरात बहुधा एकच निदान होतं : रक्त घट्ट झालंय. मग कुणी गरम पाणी प्यायला सांगतं, कुणी तीळ-गूळ खायला देतं, कुणी ‘साचलेलं वाईट रक्त आहे, जाऊ दे’ अशी समजूत घालतं. सांगणाऱ्या आई-मावशीच्या मनात काळजीच असते. पण गाठींचं खरं कारण याच्या जवळजवळ उलट आहे. ते नीट समजलं, तर कधी निर्धास्त राहायचं आणि कधी डॉक्टरांकडे जायचं हेही समजतं.

माकडिणीच्या डोळ्यातली पाळी

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आत काय घडतं, हे डोळ्यांनी पाहायची सोय फार काळ नव्हती. जोसेफ मार्की या अमेरिकी शास्त्रज्ञानं त्यावर विलक्षण वाट काढली. ऱ्हीसस माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यानं त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या, पारदर्शक पोकळीत बसवले. ते तिथे रुजले, आणि माकडिणीची पाळी आली की डोळ्यातल्या अस्तरालाही पाळी येऊ लागली. मार्कीची निरीक्षणं १९४० साली प्रसिद्ध झाली.

त्याला दिसलं ते असं. अस्तरात मळसूत्रासारख्या पिळदार धमन्या असतात. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरलं की रक्तस्राव सुरू होण्याच्या काही तास आधी या धमन्या घट्ट आवळतात. वरच्या थराचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो थर मरतो. मग धमन्या सैल होतात, रक्त झिरपतं आणि मेलेला थर सुटून येतो. तळचा थर मात्र शाबूत राहतो, आणि काही दिवसांत त्यातूनच नवं अस्तर उगवतं. दर महिन्याला एवढी जखम होते, पण व्रण मागे राहत नाही.

गोठणं आणि विरघळणं

बोट कापलं की रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, जखमेच्या तोंडाशी गोळा होतात. त्यांच्यावर फायब्रिन या प्रथिनाचं जाळं विणलं जातं आणि बूच बसतं. गर्भाशयातही फाटलेल्या रक्तवाहिन्यांवर अशीच बुचं बसतात. पण तिथे दुसरी यंत्रणाही जोरात काम करते. अस्तरातल्या एका द्रव्यामुळे प्लाझ्मिन तयार होतं आणि ते फायब्रिनचं जाळं कातरत जातं. आत साचून गोठलेलं रक्त त्यामुळे पुन्हा पातळ होऊन गर्भाशयाच्या अरुंद मुखातून बाहेर पडतं. पाळीचं रक्त एरवी गोठत नाही, कारण ते आत एकदा गोठून विरघळलेलं असतं.

रक्त वेगानं येऊ लागलं की प्लाझ्मिनला ते आवरत नाही. ताजं रक्त न विरघळताच पुढे सरकतं, साचतं, गोठतं आणि गाठ होऊन पडतं. म्हणजे गाठ ही वेगाची खूण आहे. रात्रभर आडवं पडल्यावर सकाळी एखादी लहान गाठ पडणं, किंवा पहिल्या-दुसऱ्या दिवशी जोर असताना पडणं, यात सहसा घाबरण्यासारखं काही नसतं. गाठ काळपट असली म्हणून रक्त ‘वाईट’ ठरत नाही. ते थोडा वेळ आत थांबलं होतं, इतकंच. मोठी गाठ बाहेर ढकलताना गर्भाशय जोरानं आकुंचन पावतं, म्हणून त्या वेळी कळही येते.

ज्या स्त्रियांना फार रक्तस्राव होतो, त्यांच्यापैकी अनेकींच्या अस्तरात ही विरघळवणारी यंत्रणा गरजेपेक्षा जास्त चालते. रक्तवाहिनीच्या तोंडावरचं बूच वेळेआधीच विरघळतं, रक्त पुन्हा वाहू लागतं आणि साचलेल्या रक्ताच्या गाठी पडतात. रक्त घट्ट झालेलं नसतं; जिथे त्यानं घट्ट राहायला हवं, तिथे ते टिकत नसतं.

ऐंशी मिलिलीटरचं गणित

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी १९६६ साली प्रत्यक्ष मोजून दाखवलं की ८० मिलिलीटरच्या वर गेलं की रक्तक्षयाचं प्रमाण वाढतं. ही सीमा कुठून आली, हे साध्या हिशेबानं कळतं. एक मिलिलीटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे ८० मिलिलीटरबरोबर ४० मिलिग्रॅम लोह गेलं. रोजच्या जेवणातून अंगी लागतं एक ते दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं सुमारे एक मिलिग्रॅम एरवीच्या झिजेत जातं. महिनाभर नीट जेवूनही खातं जुळत नाही. त्यातून जेवणाबरोबर चहा असेल, तर लोह आणखी कमी शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचं कारण एकट्या पाळीत नाही, पण पाळीबद्दल विचारल्याशिवाय त्याचा शोधही पुरा होत नाही.

घरी कुणी मिलिलीटर मोजत नाही. त्यासाठी सोप्या खुणा आहेत. सलग काही तास दर एक-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावं लागणं, दोन पॅड एकावर एक लावावे लागणं, त्यासाठी रात्री उठावं लागणं, सात दिवसांपेक्षा जास्त जाणं, अडीच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे जवळपास दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा, मोठ्या गाठी पडणं, जिना चढताना धाप लागणं. यातलं काहीही दर महिन्याला होत असेल तर तपासून घ्यावं. पाळी चुकल्यानंतर अचानक गाठींसह खूप गेलं, चक्कर आली, किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा डाग दिसला, तर थांबू नये.

चौथ्या पाळीत गेलेली मुलगी

कारणं अनेक असतात. गर्भाशयात फायब्रॉइड किंवा पॉलिप असतो, अस्तर स्नायूत शिरलेलं असतं, थायरॉइडचं काम मंदावलेलं असतं, तांबी बसवलेली असते, रक्त पातळ करणारं औषध चालू असतं. वयात येताना आणि चाळिशीनंतर बीज नियमित सुटत नाही, त्यामुळे अस्तर जास्त वाढतं. क्वचित कर्करोगही असतो. सोनोग्राफीत यातलं बरंच दिसतं. आणखी एक कारण मात्र त्यात दिसत नाही.

बाल्टिक समुद्रातल्या ओलांद बेटांवरची यॉर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी १९२४ साली हेलसिंकीत एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांकडे आली. तिला सारखा रक्तस्राव होई, पण प्लेटलेटची संख्या ठीक होती. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्त वाहून दगावल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्या कुटुंबाची माहिती गोळा केली आणि १९२६ साली या आनुवंशिक आजाराचं वर्णन छापलं. प्लेटलेटना जखमेशी चिकटवणारं प्रथिन या आजारात कमी पडतं. पुढे त्या प्रथिनाला आणि आजाराला फॉन विलेब्रांड यांचंच नाव मिळालं. यॉर्डिस मात्र तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीत, रक्त वाहून गेली.

आज हा आजार रक्ताच्या तपासणीत सापडतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, अंगावर सहज काळे-निळे डाग उठत असतील, तर ‘सुरुवातीला असंच असतं’ म्हणून मुलीला गप्प करू नये. आई, आजी, आत्या यांनाही तसंच होत असेल, तर ते घराण्याचं वळण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना मुद्दाम सांगावं.

बूच राखणारी गोळी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी रक्तावर संशोधन करायचं ठरवलं. पैसा तुटपुंजा होता. नमुने कमी पडले तर स्वतःचं रक्त वापरता येईल, हाही त्यात विचार होता. बाळंतपणात रक्त वाहून मरणाऱ्या बायका वाचवणारं औषध उताकोंना हवं होतं. प्लाझ्मिन फायब्रिनला पकडतं ते लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी. लायसिनसारखंच दिसणारं एक द्रव्य प्लाझ्मिनच्या हाती दिलं, तर त्याची पकड अडून राहील आणि बूच टिकेल. हे द्रव्य, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, १९६२ साली जगापुढे आलं. वीस हजारांवर बाळंतिणींवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१७ साली लागला : रक्तस्रावानं होणारे मृत्यू या औषधानं कमी झाले होते. उताको त्याच्या आदल्या वर्षी, ९८ व्या वर्षी निवर्तल्या होत्या.

हेच औषध पाळीतला रक्तस्राव चाळीस-पन्नास टक्क्यांनी कमी करतं. फक्त जोराच्या दिवसांत घ्यायची ही गोळी संप्रेरकाची नाही. आतली बुचं टिकली, की बाहेर पडणाऱ्या गाठी कमी होतात. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर मात्र ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक थोडंथोडं सोडणारं साधन गर्भाशयात बसवलं, तर रक्तस्राव याहूनही कमी होतो आणि परिणाम काही वर्षं टिकतो.

गर्भाशयाची पिशवी काढणं हा म्हणूनच बहुतेक वेळा शेवटचा उपाय असायला हवा. महाराष्ट्रात तो अनेकींच्या वाट्याला पहिला उपाय म्हणून आला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांसाठी २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. फडात पाण्याची, आडोशाची सोय नाही, आणि खाडा झाला की दंड. मग पाळीच नको, असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण तरुण वयात पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. यातल्या किती जणींना आधी साधी गोळी मिळाली होती, हा प्रश्न मला सोडत नाही.

आपल्याकडे खूप रक्तस्रावाला ‘अंगावर जाणं’ म्हणतात आणि दुखणं मुकाट सोसण्याला ‘अंगावर काढणं’. पिढ्यान् पिढ्या बायकांनी दोन्ही एकदमच केलं. आता एवढंच करावं : भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहिली जाते, तिथेच त्या दिवसाच्या चौकटीत किती पॅड लागले आणि केवढी गाठ पडली, ते लिहून ठेवावं. तीन महिन्यांची ती पानं डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि हिमोग्लोबिनबरोबर शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणीही मागून घ्यावी.